खड्डा वेगळा, डाग वेगळा

डोंबिवली (पूर्व),
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. बाळ,


तुझा निरोप काल रात्री वाचला, आज सकाळी पूजा आटोपून पुन्हा वाचला. ठाण्यात तुझ्या ऑफिसजवळचं ते क्लिनिक, चार सेशनचं पॅकेज, श्रावणापुरती सवलत, मार्गशीर्षातलं लग्न, आणि शेवटी तुझा प्रश्न : ‘मावशीआजी, लेझर करून घेऊ का?’ फोनवर उत्तर दिलं असतं तर तू ‘हो हो’ म्हणून ऐकलं असतंस आणि निम्मं मीच सांगायची विसरले असते. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच, आईलाही वाचायला दे.

मी एकतीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. त्यातली काही भाजलेल्यांच्या वॉर्डात गेली आणि शेवटची नऊ त्वचारोगाच्या ओपीडीत. मी डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेव. पण डॉक्टरांनी ज्या चेहऱ्यांवर काम केलं ते चेहरे मी दुसऱ्या दिवशी पाहिलेत, आठव्या दिवशी पाहिलेत आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलेत. जाहिरातीत यातलं एकच पाहणं असतं, शेवटचं, आणि तेही ज्यांचं चांगलं झालं त्यांचंच.

फोटो पाठवलास, पण तो फ्लॅश मारून समोरून काढलेला आहे. समोरच्या उजेडात खड्डे बुजल्यासारखे दिसतात. उजेड बाजूने आला की त्यांच्या सावल्या पडतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंत उजेडाची बाजू बदलली आहे का, ते यापुढे बघत जा. मला मात्र फोटोची गरज नव्हती. गेल्या मंगळवारी मंगळागौरीला आलीस तेव्हा तू खिडकीशी बसली होतीस आणि मी तुझा चेहरा नीट पाहिला. दोन्ही गालांवर दहावी-बारावीच्या मुरुमांचे खड्डे आहेत. हनुवटीकडे अलीकडच्या पिंपल्सचे तपकिरी डाग आहेत, त्यातले दोन पिंपल तर अजून ताजे आहेत. आणि गालाच्या उंचवट्यावर फिकट सावलीसारखं जे काही दिसतं ते मला वांगाची सुरुवात वाटते, तुझ्या आजीला होता तसा. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लिनिकमधल्या मुलीने तिन्हीला मिळून ‘टेक्श्चर’ असा एकच शब्द वापरला आणि तिन्हीवर एकच उपाय सांगितला. माझा पहिला आक्षेप तिथेच आहे. खड्डा हा आकाराचा दोष, डाग हा रंगाचा. ज्या लेझरबद्दल तू विचारते आहेस ते आकारावर चालतं. रंगावर ते उलटूही शकतं, आणि आपल्या कातडीवर बऱ्याचदा उलटतं.

लेझरला नावं ठेवायला मी बसलेले नाही, हे आधीच सांगते. माझ्या आईच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. आमच्या चाळीत असे चार-पाच चेहरे होते, कुणाला त्याचं नवल नव्हतं. पण कुठल्याही लग्नाच्या फोटोत आई पहिल्या रांगेत उभी राहिलेली मला आठवत नाही. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त असल्याचं जाहीर झालं. देवी काढल्याचा वण माझ्या दंडावर अजून आहे. रोग गेला तरी आईच्या वणांवर आमच्या आवाक्यातलं काहीच नव्हतं. तिला आज हे लेझर मिळालं असतं तर मी स्वतः हात धरून तिला घेऊन गेले असते. म्हणून ‘रूपाचं काय घेऊन बसलीस’ असं तुला ऐकवणाऱ्यांतली मी नाही. चोवीस वर्षांच्या मुलीला आपला चेहरा नितळ हवासा वाटतो, त्यात चूक काही नाही.

आणि एक गोष्ट तुला आवडेल. कातडीचा वरचा थर घासून नवा आणण्यासाठी जे लेझर सर्वांत जास्त वापरलं जातं, ते कार्बन डायऑक्साइड लेझर, शोधणारा माणूस आपल्या बारामतीत जन्मला. चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म १९३८चा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला. १९६४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी हे लेझर तयार केलं. पहिलं लेझर १९६० साली माणिकाच्या कांडीतून निघालं होतं. पटेलांनी वायूतून काढलं. पत्रे कापायला, वेल्डिंगला, शस्त्रक्रियेला, सगळीकडे ते चालतं. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाणी त्याला चटकन शोषून घेतं. आपली कातडी पाण्याने भरलेली. किरण पडला की पेशींतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेवढा थर उडून जातो. खाली उरलेल्या थराला ऊब लागते, त्याने जुनं कोलेजन आकसतं आणि पुढचे काही महिने शरीर तिथे नवं कोलेजन घालत राहतं. खड्ड्याचा तळ वर येतो तो या नव्या कोलेजनामुळे. दुसरं एक अर्बियम लेझर असतं, २,९४० नॅनोमीटरचं. पाणी त्याला आणखी जास्त शोषतं, म्हणून ते वरच्यावर कातडं काढतं आणि खाली कमी ऊब सोडतं.

आता हे नीट समजून घे : शरीर दुरुस्ती करतं, आणि दुरुस्ती करायला लावण्यासाठी यंत्र आधी जखम करतं. ‘लंच टाइम ट्रीटमेंट’ म्हणून कुणी काहीही सांगो, कार्बन डायऑक्साइड लेझर म्हणजे मोजून-मापून केलेलं भाजणं आहे. चांगल्या हातात ते मोजमाप नेमकं असतं.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत हे लेझर सगळ्या चेहऱ्यावरून सलग फिरवत. सुरकुत्या छान जायच्या. पण दोन-दोन आठवडे चेहरा ओला, लाल, सोललेला राहायचा. लाली महिनोन्महिने जात नसे आणि काहींच्या कातडीचा रंग कित्येक महिन्यांनी कायमचा फिका पडायचा. मग २००४ साली बोस्टनच्या डीटर मॅनस्टीन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी तऱ्हा मांडली. सगळं शेत नांगरायचं नाही, टोकणणी करायची. किरणाचे केसाएवढे बारीक ठिपके पाडायचे, ठिपक्यांच्या मधली कातडी शाबूत ठेवायची. त्या शाबूत कातडीतून पेशी सरकत येऊन ठिपके लवकर भरतात. याला फ्रॅक्शनल म्हणतात. तुझ्या पॅकेजवर ‘फ्रॅक्शनल सीओटू’ लिहिलंय ते हेच. गोऱ्या कातडीपेक्षाही आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीला या पद्धतीचा फायदा जास्त झाला. सलग घासणं आपल्याला बहुतेक परवडतच नव्हतं.

फायदा किती? खड्डे उथळ होतात, कडा मऊ होतात, बाजूच्या उजेडातली सावली कमी होते. पूर्ण सपाट गाल मी एकाही रुग्णाचा पाहिला नाही. बरेच जण ‘निम्म्याने बरं वाटतं’ म्हणून समाधानाने जायचे, काहींना तेवढंही वाटायचं नाही. खड्ड्यांतही जाती असतात. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल, पेटीसारखे उभ्या कडांचे, आणि लाटेसारखे पसरट, जे आतून तंतूंनी खाली ओढून धरलेले असतात. लेझर दुसऱ्या जातीवर बरं चालतं. सुईसारख्या खड्ड्यांत डॉक्टर काडीच्या टोकाने तीव्र अॅसिडचा थेंब सोडतात. ओढलेल्या खड्ड्यांखालचे तंतू बारीक सुईने तोडतात, त्याला सबसिजन म्हणतात. मायक्रोनीडलिंग नावाचं सुयांचं काम असतं. त्यात भाजण्याचा भाग नसल्याने डाग पडायची भीती कमी. जाणता डॉक्टर एकाच चेहऱ्यावर यातलं दोन-तीन मिळून करतो. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे तो सगळ्यांना तेच सांगतो.

सर्वांत मोठा फायदा मी पाहिला तो मात्र चेहऱ्याच्या कौतुकाचा नव्हता. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली एक बाई होती. मान आणि हनुवटीच्या मधली कातडी ताठ, दोरीसारखी. मान वळायची नाही. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या ताठरपणावर तिला या ठिपक्यांच्या लेझरची बरीच सेशन्स दिली. कातडी सैल होत गेली. मान वळवून तिने मागे बसलेल्या लेकीकडे पाहिलं तेव्हा मी खोलीतच होते. त्या यंत्राबद्दल मला आदर आहे तो तेव्हापासून.

आता दुसरी बाजू, आणि ही मी हात आखडून लिहिणार नाही.

१९७५ साली थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचातज्ज्ञाने उन्हात कातडी लाल होते की काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडले. गव्हाळ आणि काळ्या कातडीचे प्रकार त्यात नंतर घातले गेले. आज सहा प्रकार मानतात. आपण महाराष्ट्रातली माणसं बहुतेक तिसऱ्या ते पाचव्यात येतो. तू चौथ्यात. या कातडीचा एक स्वभाव आहे : तिला काहीही लागलं की ती रंगाने उत्तर देते. डास चावला, काळा डाग. पिंपल फोडला, काळा डाग. कढईतलं तेल उडालं, काळा डाग. हे तुला नवीन नाही. मग चेहऱ्यावर हजारो बारीक भाजण्या केल्या तर ती काय करेल? कित्येकींच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांनी, लाली ओसरता ओसरता, तपकिरी रंग उतरतो. आमच्याकडे बाहेरून करून आलेली एक मुलगी आली होती. तिच्या दोन्ही गालांवर चौकटी-चौकटींचा नकाशा उमटला होता, यंत्राच्या ठशाबरहुकूम. तो जायला आठ महिने लागले. खड्डे थोडे भरले होते खरे, पण त्या आठ महिन्यांत तिने ओढणी चेहऱ्यावरून काढली नाही. हा रंग बहुतेकींचा जातो, औषधाने लवकर जातो. पण महिने लागतात. तुझ्याकडे महिने नाहीत.

याउलट रंग उडूनही जाऊ शकतो. फिकट ठिपके राहतात, आणि ते काळ्या डागांपेक्षा हट्टी. ज्यांना कोड आहे किंवा होऊन गेलं आहे त्यांनी तर भाजणारं लेझर विचारल्याशिवाय कधीच करू नये, कारण जखमेच्या जागी नवा पांढरा डाग उठू शकतो. कुणाचे वण फुगून गाठीसारखे वाढतात, त्याला केलॉइड म्हणतात. तुझ्या मामाच्या छातीवर आहे. तुझे कान टोचले तिथे कधी तसं झालं होतं का, आईला विचार आणि डॉक्टरांना सांग. तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात ना, त्याचा विषाणू एकदा अंगात शिरला की नसांत दबा धरून राहतो. लेझरनंतर तो उघड्या चेहऱ्यावर सगळीकडे पसरू शकतो, त्यातून वण पडतात. म्हणून आधीपासून त्यावरच्या गोळ्या देतात. तुला दरवर्षी परीक्षेच्या आसपास तसे फोड यायचे, मला आठवतंय. क्लिनिकमध्ये याबद्दल एक शब्द तरी विचारला का? डोळ्यांवर धातूची झाकणं हवीत. चेहरा स्पिरिटने पुसला असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय किरण सोडायचा नाही, नाहीतर ते पेट घेऊ शकतं. या साध्या गोष्टी आहेत आणि घाईच्या जागी नेमक्या याच राहून जातात.

तुझ्या डागांवर आणि वांगावर या लेझरने काय होईल? पिंपलचे तपकिरी डाग आधीच जखमेचे रंग आहेत. त्यांच्यावर आणखी जखम कशाला? ताजे पिंपल असताना तर खड्ड्यांचं काम सुरूच करू नये. आधी पिंपल थांबायला हवेत, नाहीतर एकीकडे खड्डा भरायचा आणि दुसरीकडे नवा पडायचा. आणि वांग तर भाजण्याने भडकतो. तो ऊन, हार्मोन, आनुवंशिकता अशा कितीतरी धाग्यांनी विणलेला असतो. रंगासाठी दुसऱ्या जातीची लेझरं आहेत, कातडी न सोलणारी. ‘लेझर टोनिंग’ किंवा ‘कार्बन पील’ म्हणतात ते त्यातलंच. तेही वांगावर टिकाऊ नाही आणि वारंवार केलं तर गालावर पांढऱ्या ठिपक्यांचा शिडकावा उठलेला मी पाहिलाय. वांगाचं खरं औषध कंटाळवाणं आहे : रोजचं सनस्क्रीन, डॉक्टरांनी मोजून दिलेली क्रीमं, आणि धीर.

क्रीमांवरून आठवलं, हे विचारायचंच होतं. तुझ्या ड्रेसिंग टेबलवर एक लाल-पांढरी ट्यूब दिसली होती. केमिस्टकडून ‘गोरं व्हायचं’ म्हणून आणलेली असेल तर तिच्यावर काय लिहिलंय ते वाच. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काहीही असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसतात, पिंपल उसळतात, बंद केलं की चेहरा जळतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली; तरी आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या दुकानात काय चालतं ते तुला माहीत आहे. अशा पातळ झालेल्या कातडीवर लेझर मारणं म्हणजे हातानं संकट ओढवणं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि मुलींच्या मूत्रपिंडांना गोरं करणाऱ्या क्रीमने इजा झाल्याची बातमी आली होती. मुंबईत केईएमला तपासलं तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. चेहऱ्यावर लावलेलं चेहऱ्यापुरतंच राहतं असं समजू नकोस.

आणि मुरुमांसाठी कुणी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या असतील तर लेझरच्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. किती थांबायचं ते ते ठरवतील. तुझं लग्न जवळ आलंय म्हणून आणखी एक सांगते : त्या गोळ्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत. गर्भाला त्यांचा फार मोठा धोका असतो. बंद केल्यावरही निदान महिनाभर सांभाळावं लागतं. याबद्दल लाजू नकोस.

आता हात कुणाचा, ते. यंत्र कोणत्या कंपनीचं हे तू मला मोठ्या उत्साहाने लिहिलंस. ते चालवणार कोण, हे लिहिलं नाहीस. विचारलंसच नाही, असं मला वाटतं. आपल्या ठाण्यात राममारुती रोडपासून घोडबंदरपर्यंत, डोंबिवलीत फडके रोडच्या आसपास, कल्याणात खडकपाड्याला, दर दोन इमारतींआड ‘स्किन’ शब्दाची पाटी आहे. त्यात उत्तम डॉक्टर आहेत, मी काहींच्या हाताखाली शिकले आहे. त्यांच्या शेजारीच अशाही जागा आहेत जिथे पाटीवर डॉक्टरचं नाव असतं आणि खोलीत आठवड्याभराचा कोर्स केलेली मुलगी असते. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हा शब्द कुणीही लावतं. तू एम.डी. त्वचारोग, डी.डी.व्ही.एल., डी.एन.बी. अशी अक्षरं बघ, किंवा प्लास्टिक सर्जनची एम.सीएच. नोंदणी क्रमांक विचार आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो घालून बघ. क्रमांक विचारल्यावर ज्याचा चेहरा उतरतो, तिथून उठून ये. ‘लेझर तुम्ही स्वतः धरणार का? कानाजवळ आधी छोटा ठिपका मारून महिनाभर वाट बघाल का? माझ्या रंगाच्या रुग्णांचे सहा महिन्यांनंतरचे फोटो आहेत का? काळं पडलं तर पुढचं औषधपाणी कोण करणार?’ एवढं विचारायला पाच मिनिटं लागतात. पहिल्याच भेटीत पैसे मागितले आणि चेहऱ्याला हात न लावता पॅकेज सांगितलं, तर ती जागा तुझ्यासाठी नाही. सवलतीची मुदत दाखवून घाई करणाऱ्याकडे चेहरा देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

तारखांचा हिशेब तूच कर. आता श्रावण. महिन्याला एक अशी चार सेशन्स, शेवटचं लग्नाच्या दहा दिवस आधी, असं त्यांनी लिहून दिलंय. प्रत्येक सेशननंतर पाच-सात दिवस चेहऱ्यावर सुजेची लाली आणि बारीक तपकिरी खपल्या, मिरपूड भुरभुरल्यासारख्या. त्या नखाने काढायच्या नाहीत. मलम लावत राहायचं. ऊन अजिबात नाही. मधलं एक सेशन तरी नेमकं ऑक्टोबरच्या उकाड्यात येतं. खडकपाड्याहून स्कूटीवर स्टेशन, कल्याणच्या प्लॅटफॉर्मवरची गर्दी, घाम, डब्यात दुसऱ्याच्या पर्सचा पट्टा गालाला घासतो, ठाण्याला उतरून ऑफिसपर्यंतचं ऊन. शुक्रवारी करून सोमवारी कामावर जायचा तुझा बेत आहे, तो या वाटेने जमणार नाही. आणि ऊन म्हणजे फक्त टळटळीत दुपार नव्हे. आपल्या कातडीला साधा दिसणारा उजेडही काळवंडवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड घातलेलं, रंगीत सनस्क्रीन डॉक्टर सुचवतात. मग दिवाळी. अभ्यंगस्नानाचं उटणं, पहाटे फडके रोडवर नटूनथटून जायचं, फटाक्यांचा धूर. मग केळवणं. मग हळद. नव्याने आलेल्या कोवळ्या कातडीवर पाच सवाष्णी हळद चोळतील, तू कुणाकुणाला नको म्हणशील? आणि एवढं सगळं सांभाळलंस तरी नवं कोलेजन भरायला शेवटच्या सेशननंतर तीन ते सहा महिने लागतात. लग्नाच्या दिवशी तू जेमतेम लालीतून बाहेर आलेली असशील. खड्डे बरे दिसतील ते पुढच्या उन्हाळ्यात.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, ती तुझ्या आईने मला सांगितली. बघायला आले तेव्हा त्यांच्याकडचं कुणीतरी म्हणालं, ‘मुलगी छानच आहे, चेहऱ्याचं तेवढं बघून घ्या.’ ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. माझी आई पहिल्या रांगेत उभी राहत नव्हती ती अशाच वाक्यांमुळे. मुलाने तसं काही म्हटलेलं नाही, असंही तुझी आई सांगते. मग त्यालाच तू सरळ विचार. तुला खड्डे नकोसे झाले असतील तर ते काम लग्नानंतरही होईल, तुझ्या पैशांनी, तुझ्या सवडीने. दुसऱ्याच्या शब्दासाठी, दुसऱ्याने ठरवलेल्या तारखेच्या आत, भाजून घेऊ नकोस.

तर माझं उत्तर : मार्गशीर्षाच्या आधी लेझर नको. पैसे भरले नसशील तर भरू नकोस. भरले असशील तर परत माग, आणि नाही दिले तरी जाऊ दे. आतापासून लग्नापर्यंत पिंपल थांबवायचे, डाग फिके करायचे, रोज सनस्क्रीन लावायचं, एवढं करून घेऊ. डॉक्टरांच्या देखरेखीखाली साडेतीन महिन्यांत यात पुष्कळ फरक पडतो आणि तो मेकअपखालीही दिसतो. खड्ड्यांचं पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास बघू, चांगल्या हाताकडे, आधी ठिपका मारून.

पहिलं मत पैसे न घेणाऱ्याकडून घ्यावं असं मला वाटतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं आहे, त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. तिथे केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवू. रांग असेल, मी बरोबर आहे. गुरुवारी रजा टाक. कल्याणहून सकाळची धिमी लोकल पकड, मधला लेडीज डबा. मी डोंबिवलीला चढते. चेहरा नुसता पाण्याने धुऊन ये, काही लावू नकोस. आणि घरात असतील तेवढ्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आण, ती लाल-पांढरी पण.

तुझी,
मावशीआजी